मदत हवी आहे : तापल्यावर बंद पडणारी बाईक आणि तपासून मगच हात लावणारा मेकॅनिक

नमस्कार मंडळी,

गाडीत नेमकं काय बिघडलंय हे कुणाला सुचलं तर जरूर सांगा, पण माझा मुख्य प्रश्न मेकॅनिकबद्दल आहे. "इंजिन खोलावं लागेल" असं म्हणणाऱ्या माणसावर विश्वास कधी ठेवावा, आणि ते म्हणण्याआधी त्याने काय काय तपासलेलं असावं? ज्यांनी स्वतःच्या गाडीचं इंजिनकाम करून घेतलंय किंवा जे स्वतः हे काम करतात, त्यांच्याकडून समजून घ्यायचंय.

गाडी एअर-कूल्ड, एक सिलिंडर, कार्बोरेटरवाली. जुनी आहे, पण ऑइल वेळेवर बदललेलं आहे. रोज कामाला हीच नेते, घरात दुसरं वाहन नाही.

त्रास असा. थंड असताना गाडी बरी चालते. साधारण अर्धा तास चालवली, त्यातही गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत गेली, की आयडलिंग (रेस न देता इंजिनचं मंद फिरणं) डळमळायला लागतं. रेस देत राहिलं तर तग धरते, सिग्नलला हात सैल केला की बंद. मग सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण नेहमीपेक्षा हलकं, भराभर. किकही पायाला हलकी लागते, एरवी जो दाब जाणवतो तो कमी झालेला असतो. बाजूला लावून इंजिन निवू दिलं की पहिल्या झटक्यात चालू. मोकळ्या रस्त्यावर, वारा लागत असताना त्रास कमी. धूर नाही, ना निळा ना काळा. ऑइलची पातळीही उतरत नाही.

टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं तर आत निर्वात तयार होऊन पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी अशीच बंद पडते, हे वाचलं होतं. म्हणून बंद पडल्या पडल्या झाकण उघडून पाहिलं. हवा आत ओढल्याचा आवाज आला नाही, उघडं ठेवूनही फरक पडला नाही. ती शंका मिटली.

आतापर्यंत प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून साफ केला, पेट्रोल कॉक साफ केला, इग्निशन कॉइल नवी टाकली. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजमध्ये थंड असतानाच चालू करून दाखवली, छान चालली, आणि नेऊन चालवली की पुन्हा तेच. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा तसं हिचं होतं. कॉइल बदलायच्या आधी जुन्या कॉइलला मीटर लावला का, असं विचारलं तर "टाकून बघू" म्हणाले. हे "टाकून बघू" मला खरंच खटकतं. एकाच वेळी दोन-तीन पार्ट बदलले की गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि नाही सुधारली तर नव्या पार्टमुळे किंवा हललेल्या सेटिंगमुळे दुसरंच काही बिघडलं का, ही शंका वर येऊन बसते.

आता शेवटच्या गॅरेजमध्ये सांगितलंय की बोअर-पिस्टन गेलं, किट (सिलिंडर-पिस्टनचा संच) टाकावं लागेल, हेडचंही (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) काम निघेल. हे त्यांनी ठरवलं कसं? इंजिन चालू होतं, स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवलं, मूठ कानाला लावली, दोनदा रेस दिली आणि सांगितलं. कानाने ऐकण्याला मी नावं ठेवत नाही. मुरलेल्या मिस्त्रीला टायमिंग चेनचा आवाज आणि टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाचा) आवाज असे वेगळे कळतात, तो त्यांच्या हातातला गुण आहे. पण पिस्टनच्या रिंगा झिजल्यात की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हे कानाने कळत नाही, त्याला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावं लागतं. आणि रिंगा गेल्या असतील तर रेस दिल्यावर निळा धूर दिसायला हवा, ऑइल कमी व्हायला हवं. इथे दोन्ही नाही. हे विचारल्यावर उत्तर मला नाही, बरोबर आलेल्या माझ्या भावाला दिलं गेलं. भाऊ गाडी चालवतसुद्धा नाही. ज्या गॅरेजमध्ये गाडीच्या मालकिणीशी बोलायचं टाळतात तिथे गाडी सोडून जायला मन होत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

माझा स्वतःचा संशय टॅपेटवर आहे. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, म्हणून थंड असताना दांडी आणि टॅपेटच्या मध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी इतकी बारीक फट ठेवलेली असते. वर्षानुवर्षं चालून व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजते, व्हॉल्व्ह थोडा वर सरकतो आणि बऱ्याच इंजिनांत ही फट कमी कमी होत जाते. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, दाब निसटतो, किक हलकी लागते, आयडलिंग टिकत नाही. थंड झालं की फट परत मिळते. सैल टॅपेट वाजतो, म्हणून सगळ्यांच्या लक्षात येतो. टाइट झालेला गप्प असतो, म्हणून तिकडे कुणी बघत नाही. आणि तसाच चालवत राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो, कारण बैठकीला टेकूनच तो आपली उष्णता हेडला देत असतो. मला घाई आहे ती यामुळे. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) होणारं काम पुढे ढकलता ढकलता हेडवर जायला नको.

दुसरा संशय पिकअप कॉइलवर, मॅग्नेटजवळ असते आणि स्पार्क कधी पडायचा त्याचा इशारा देते ती. तापल्यावर आतली तार तुटल्यासारखी होते आणि स्पार्क जातो, निवल्यावर जोडली जाते. पण तसं असेल तर किक हलकी का लागावी? म्हणून तो दुसऱ्या नंबरवर. ही कॉइल मोजायची तर गरम असतानाच मोजावी लागते. त्यातही एक गोष्ट समजली ती सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्क्याने वाढतो. म्हणजे कॉइल 60 अंशांनी तापली तर थंड असतानापेक्षा जवळपास पावपट जास्त आकडा येणं अगदी स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून कॉइल बाद ठरत नाही. आकडा एकदम नाहीसा झाला, मीटरने सर्किट तुटल्याचं दाखवलं, तर मात्र कॉइल गेली.

आता मुद्द्यावर येते. मेकॅनिक कामात पक्का आहे का हे माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला कसं कळावं? मी काही खुणा ठरवल्यात, त्या बरोबर आहेत का बघा.

टॅपेट थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून बघायचे असतात. म्हणजे मी गाडी चालवत नेली आणि समोरच्याने लगेच झाकण उघडून पाना लावला, तर ती जागा माझ्यासाठी नाही. "गाडी रात्रभर ठेवून जा, सकाळी थंड असताना बघतो" म्हणणारा माणूस मला हवाय. आणि सेट करण्याआधी फट किती सापडली ते त्याने सांगावं. सेट केल्यावर फक्त "झालं" एवढं ऐकून मला काहीच कळत नाही, कारण निदान त्या आधीच्या आकड्यात आहे.

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम, प्लग काढलेला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा हवा. ॲक्सिलरेटर बंद ठेवून मोजलं तर हवा पुरेशी आत जात नाही, आकडा कमी येतो आणि धडधाकट इंजिनसुद्धा गेलेलं ठरतं. आकडा खरंच कमी आला तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. वाढला तर रिंगांकडे बोट, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हकडे. याहून पक्कं हवं असेल तर कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरमध्ये भरून ती कुठून निसटते ते ऐकायचं : सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. यातलं काहीही न करता किटची ऑर्डर द्यायला सांगणं मला पटत नाही. माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन दोनदा मोजावं, एकदा निवलेल्या इंजिनवर आणि एकदा ती बंद पडल्या पडल्या, असं मला वाटतं. दोन आकड्यांतला फरक बरंच काही सांगेल. कुणी असं करून पाहिलंय का?

आणि खोललंच, तर बोअर मारायच्या (सिलिंडर आतून कातून मोठा करायच्या) आधी सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा मोजून किती झिजलाय, किती लंबगोल झालाय ते दाखवतात का? की लेथवाल्याकडे सरळ पाठवून देतात?

कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर की एकट्या मिस्त्रीचं गॅरेज, हाही घोळ आहे. सर्व्हिस सेंटरकडे मॅन्युअल असतं, योग्य मापाची हत्यारं, टॉर्क रेंच असतो. पण तिथे गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि "कधी कधी बंद पडते" ही तक्रार जॉब कार्डवर "जनरल चेकअप" होऊन जाते. छोट्या गॅरेजमध्ये एकच माणूस गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघतो, स्वतः चालवून बघतो. माझा कल तिकडे आहे, कारण हा बिघाड पकडायचा तर कुणीतरी गाडी तापेपर्यंत चालवलीच पाहिजे. पण तसा वेळ देणारा माणूस शोधायचा कसा? तपासणीचे वेगळे पैसे घेऊन नुसतं निदान लिहून देणारे असतात का? मी ते आनंदाने देईन. पार्ट न बदलता नुसतं तपासण्यात माणसाचा वेळ आणि डोकं जातं, त्याचं मोल मिळत नाही म्हणूनच बहुतेक जण पार्ट बदलण्याकडे वळत असावेत, असं मला वाटतं.

माझ्याकडून मी एवढं केलंय : गाडी कधी, किती चालल्यावर, टाकीत किती पेट्रोल असताना बंद पडली ते वहीत लिहिते. बंद पडल्यावर सेल्फ मारतानाचा व्हिडिओ फोनवर आहे, त्यात इंजिन हलकं फिरल्याचा आवाज स्पष्ट येतो. बदललेले जुने पार्ट मागून घेतलेत. जुना प्लगही आहे, टोक फिकट तपकिरी, कोरडं, म्हणजे मिश्रण फार बिघडलेलं नसावं. गॅरेजवाल्याला यातलं काय आधी दाखवू? की तक्रार फक्त सांगू आणि माझा टॅपेटचा संशय तोंडातून काढूच नको, म्हणजे तो स्वतःच्या डोक्याने बघेल? काही मिस्त्रींना गिऱ्हाइकाने निदान सांगितलेलं आवडत नाही, आणि त्यांच्या जागी असते तर मलाही कदाचित आवडलं नसतं.

किटचं उत्तर गॅरेजला लवकरच द्यायचंय. टॅपेट आणि कॉम्प्रेशन दुसरीकडे तपासून होईपर्यंत मी त्यांना थांबवून ठेवणार आहे. गाडी सध्या तिथेच उभी आहे, इंजिन अजून खोललेलं नाही. तिथून ती न चालवता, टेम्पोत घालून नेणं बरं, की थंड इंजिनवर थोडं अंतर चालवलं तर चालेल?