मुंबई–नागपूर हवाई अंतर ६८५ किमी, मग तिकिटावर दीड तास का?

डोंबिवलीची_लेक
जानेवारीत नागपूरला मामेबहिणीचं लग्न आहे, मुहूर्त सकाळी ११ चा. सोबत बाबा, वय ७६, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रेल्वेने अंतर ८३७ किमी, समृद्धीने ७०१, हवेतून सरळ मोजलं तर ६८५ च्या आसपास. विमान ताशी ८०० च्या वेगाने जातं म्हणतात, तरी तिकिटावर १ तास ३५ मिनिटं! मधे कुठे उतरतं का? आणि त्याच दिवशी पहाटेचं विमान घेतलं तर चालेल?

निवृत्त_विमानतळवाला
कुठेही उतरत नाही, निर्धास्त राहा. तिकिटावरची वेळ नुसत्या हवेतली नसते. विमान मुंबईत जागेवरून हललं की मोजणी सुरू, नागपूरला जागेवर उभं राहिलं की बंद. प्रत्यक्ष उड्डाण तास-सव्वा तासाचं. ताशी ८०० हा वर गेल्यावरचा वेग, आणि एवढ्याशा अंतरात चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते.

बाकीचा वेळ मुंबईत जातो. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळी टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, लागलेली विमानांची रांग मी नोकरीभर पाहिली आहे. कंपन्या ती धरूनच वेळ छापतात. परतताना मुंबईवर घिरट्या घालाव्या लागतात, शिवाय हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा, म्हणजे समोरून.

पण ताई, मुहूर्ताच्या दिवशीचं विमान घेऊ नका. जानेवारीत उत्तरेत धुकं असतं. तिकडे अडकलेलं विमान पुढच्या सगळ्या फेऱ्या उशिरा करतं. आदल्या दुपारचं घ्या. बाबांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, तेव्हा कुठून सुटतं तेही तपासा.

बर्डीवाली
घरापासून घरापर्यंतचा वेळ मोजून पाहा. डोंबिवलीहून सहार, म्हणजे मुंबईचा विमानतळ, दीड तास, तिथे दोन तास आधी, मग विमान, मग सामान. सहा तास कुठे गेले कळत नाही. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी कल्याणला घ्या, रात्रभर झोपा, सकाळी नागपूर. तीही आदल्या दिवशी पोचेल अशीच धरा. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. मात्र डब्याच्या पायऱ्या उंच आहेत, त्या बाबांना जमत असतील तरच. विमानाने आलात तर आमचा विमानतळ गावातच आहे, ती काळजी नाही. स्वेटर मात्र आणाच, जानेवारीतली इथली सकाळ मुंबईकरांना सोसत नाही.

डोंबिवलीची_लेक
दोघांचे मनापासून आभार. पायऱ्या जमणार नाहीत, तेव्हा विमानच. आदल्या दिवशी दुपारी २ चं, सहारहून. घरून किती वाजता निघू?

निवृत्त_विमानतळवाला
दहाला. काउंटर तासभर आधी बंद होतो, आणि व्हीलचेअरसाठी माणूस यायला वेळ लागतो. बाबांच्या गुडघ्याचे कागद हातातल्या पिशवीत ठेवा. आत धातू बसवलेला असेल तर सुरक्षा तपासणीत यंत्र वाजतं, तेव्हा ते दाखवता येतात.