कर्णनाद, कानात शीळ की ‘कानात आवाज येतात’?

लेखणी: कानाच्या तपासणीआधी रुग्णाने भरायची प्रश्नावली मराठीत करायची आहे. ‘टिनिटस’ला, म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात आवाज ऐकू येण्याला, काय लिहावं? ‘कानात आवाज येतात का?’ असं विचारलं तर ‘कुणी बोलल्याचे भास होतात का’ असा अर्थ निघतो आणि लोक बिचकून ‘नाही’वर खूण करतात. ‘कर्णनाद’ लिहिलं तर निम्मे जण रकाना कोराच सोडतील.

टिपकागद: कर्णनादच. सुश्रुताने आपल्या संहितेच्या उत्तरतंत्र या भागात कानाचे २८ रोग मोजले आहेत, त्यात हा आहे. तयार शब्द असताना लॅटिन कशाला? तसंही ‘टिनिटस’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ ‘किणकिणणे’. आपल्या ‘टणत्कारा’शी त्याचं नातं असावं असं मला फार वाटतं.

उंबरठा: नातं नसावं. ध्वनीवरून घडलेले शब्द कुठल्याही दोन भाषांत सारखे निघतात. आणि बोलण्यात ‘नाद’ म्हणजे छंद किंवा खोड. ‘कानाचा नाद आहे का?’ हे कसं वाटेल?

जुनी पोथी: माधवनिदान या आयुर्वेदातल्या जुन्या रोगनिदानाच्या ग्रंथात कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड वेगळे आहेत. भेरी, मृदंग, शंख यांसारखे आवाज आले तर कर्णनाद. वेणूसारखा बारीक सूर असेल तर क्ष्वेड. सगळं एकाच शब्दात कोंबायची घाई जुन्यांनीही केली नाही.

श्रुतिमापक: हा भेद प्रश्नावलीत जपाच. एकच शब्द ठेवलात तर निदानाचा अर्धा धागा हातातून जाईल.

‘शीळ’, ‘कूंऽऽ’, ‘रातकिड्यांची किरकिर’ असं कुणी सांगितलं की आधी आतल्या कानाच्या केसपेशींकडे, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींकडे, लक्ष जातं. वयाने किंवा गोंगाटाने त्या झिजल्या की मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो आणि मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. दूरचं स्टेशन ऐकायला रेडिओ मोठा केला की खरखरही वाढते, तसं. गोंगाटाने बिघडलेल्या कानाच्या श्रवण-आलेखात ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच सुरांच्या, आसपास खाच दिसते; तेवढंच कमी ऐकू येतं. साधं बोलणं तेव्हा नीट ऐकू येत असतं, म्हणून माणूस ‘कान चांगले आहेत’ असं ठामपणे सांगतो.

‘घोंघावतं’, कान गच्च वाटतो आणि सोबत गरगरतं, ऐकू येणंही कमीजास्त होतं: मेनिएर या आतल्या कानाच्या विकाराचा विचार. ‘टिकटिक’ म्हणाले तर टाळूच्या किंवा मधल्या कानाच्या स्नायूंचे झटके असू शकतात.

‘धडधड’ मात्र वेगळ्या रकान्यात हवी. मनगटावर बोट ठेवून बघायला सांगा: ठोका नाडीबरोबर पडतो का? पडत असेल तर हा रक्तप्रवाहाचा आवाज. रक्तक्षय, वाढलेलं थायरॉइड, मानेतली अरुंद झालेली धमनी, डोक्यातला वाढलेला दाब, हे सगळं तपासावं लागतं.

लेखणी: म्हणजे ‘कानात किंवा डोक्यात, बाहेर काही वाजत नसताना, शीळ / किरकिर / घोंघावणे / धडधड / टिकटिक ऐकू येते का?’ असं?

श्रुतिमापक: हो, फक्त ‘धडधड’चा रकाना वेगळा ठेवा. ‘डोक्यात’ राहू द्याच. दोन्ही कानांत सारखा असलेला आवाज अनेकांना डोक्याच्या मधोमध वाटतो. आणि ‘उजव्या, डाव्या की दोन्ही’ हे जरूर विचारा. सतत एकाच कानात असेल तर श्रवणनसेवरची गाठ नाही ना, हे बघायला एमआरआय सांगतात.

टिपकागद: पाच शब्द म्हणजे व्याख्या नव्हे. शीर्षकाला एक संज्ञा लागतेच.

उंबरठा: शीर्षकात ‘कानठळ्या बसणे’ का नको? सगळ्यांना कळतं.

जुनी पोथी: कानठळ्या मोठ्या आवाजाने बसतात, आवाज थांबला की ओसरतात. हा त्रास शांततेत जाणवतो, रात्री अंथरुणावर सर्वांत जास्त.

श्रुतिमापक: पण कानठळ्या ही पूर्वसूचना आहे. ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४, ९१ ला २ तास. कानठळ्या बसून दुसऱ्या दिवशी ऐकणं पूर्ववत झालं तरी नसांची टोकं दुखावलेली असू शकतात.

उंबरठा: मग ‘दडा बसणे’?

श्रुतिमापक: तो अडथळा. मळाचा खडा, मधल्या कानातलं पाणी. त्यानेही गुणगुण सुरू होते, कारण बाहेरचा आवाज अडला की आतला उठून दिसतो. कापसाची काडी मळ बाहेर काढण्याऐवजी पडद्याकडे ढकलते. पडदा शाबूत असेल तर तेलकट थेंबांनी मळ मऊ करून काढून घ्यावा. औषधांचा रकानाही विसरू नका: ॲस्पिरिनचा मोठा डोस, मलेरियावरचं क्विनीन, जेंटामायसिन हे प्रतिजैविक, कर्करोगावरचं सिसप्लॅटिन. पहिल्या दोघांचा आवाज औषध थांबवल्यावर सहसा जातो, पुढच्या दोघांची हानी बहुधा कायमची असते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नये, पण सांगायचं मात्र लगेच. आणि एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल तर ‘दडा असेल’ म्हणून थांबू नये. स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.

टिपकागद: ते सगळं मान्य. पण शीर्षकात ‘टिनिटस’ येणार असेल तर माझा विरोध नोंदवा.

उंबरठा: ‘थायरॉइड’ चालतं, ‘टिनिटस’ चालत नाही, हे कसं?

टिपकागद: थायरॉइडला ‘अवटू’ आहेच.