आधी कॅश नव्हे, प्रतिमेची मांडणी
मोठ्या प्रतिमांवर इमेज सर्व्हर (प्रतिमेचा मागितलेला भाग पाठवणारे सॉफ्टवेअर) मंदावतो म्हणून आधी कॅशचा, म्हणजे वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणाऱ्या साठ्याचा, कोड सुधारावा, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. टिफ (TIFF, प्रतिमा साठवण्याचा एक प्रकार) फाइल आडव्या पट्ट्यांत साठवलेली असेल, तर कोपऱ्यातला २५६ × २५६ पिक्सेलचा तुकडा देण्यासाठीही सर्व्हरला प्रतिमेची पूर्ण रुंदी वाचावी लागते. तीच फाइल चौकोनी तुकड्यांच्या पिरॅमिडमध्ये, म्हणजे दर पायरीला लांबी-रुंदी निम्मी होत जाणाऱ्या प्रतींसह साठवली, की हवा तेवढाच भाग उचलता येतो आणि जागा साधारण एक तृतीयांशच वाढते.

अशा सर्व्हरच्या विकासात योगदान देण्यासाठी सी++ ही प्रोग्रॅमिंग भाषा उत्तम यायलाच हवे, असेही नाही. एका मुक्त-स्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) सर्व्हरमध्ये १६ बिटांची (प्रत्येक रंगघटकासाठी १६ बिट वापरणारी) प्रतिमा काळी दिसत असल्याचे कळवताना मी तो दोष दाखवणारी लहानशी नमुना फाइल जोडली होती, आणि तीच पुढे चाचणीसंचात कायमची गेली.