कॉन्स्टेलेशन रेकॉर्ड्सचे अलीकडचे अल्बम: सुरुवात कुठून करावी?

शनिवारपेठकर (प्रश्न):

नमस्कार. मॉन्ट्रियलच्या कॉन्स्टेलेशन रेकॉर्ड्स या स्वतंत्र लेबलच्या अलीकडच्या अल्बमांबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. माझी या लेबलशी ओळख, बहुतेकांची होते तशी, 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या वाद्यप्रधान रॉक बँडमुळे झाली आणि खरे सांगायचे तर तिथेच अडकून राहिली. 2025 च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी ऑफिसला जाताना मोबाइल काढला, तर मी जमवलेल्या यादीतील त्यांची सगळी नावे करडी पडली होती आणि एकही वाजेना. नंतर कळले की बँडनेच आपले संगीत स्पॉटिफायसह बऱ्याच ठिकाणांहून काढून घेतले आहे.

त्या निमित्ताने ठरवले की आता थोडे पैसे खर्चून नीट ऐकायचे, आणि केवळ गॉडस्पीड नव्हे, तर त्याच लेबलवरचे इतर नवे कलाकारही. घरात शास्त्रीय संगीत ऐकतच वाढल्यामुळे वीस वीस मिनिटांच्या संथ रचनांची मला भीती वाटत नाही. उलट विलंबित ख्याल ऐकल्यासारखेच वाटते. गेल्या दोन-तीन वर्षांतील कोणते अल्बम आधी घ्यावेत, आणि रेकॉर्ड मागवावी की डिजिटल प्रतीवर भागवावे?

मंद्रपंचम:

शनिवारपेठकर, प्रश्न आवडला. आधी गॉडस्पीडचेच सांगतो, कारण त्यांचा ऑक्टोबर 2024 चा अल्बम तुमच्याकडून निसटला असेल तर सुरुवात तिथूनच करावी. त्याला नेहमीच्या अर्थाने शीर्षक नाही. शीर्षकाच्या जागी 13 फेब्रुवारी 2024 ही तारीख आणि त्या दिवसापर्यंत गाझात मारल्या गेलेल्या माणसांचा 28,340 हा आकडा आहे. सहा रचना आहेत आणि गायन नाही. मधल्या एका रचनेत स्पॅनिशमधले थोडेसे बोलणे येते आणि ते येते तेव्हा आपण इतका वेळ मानवी आवाजाशिवाय होतो याची अचानक जाणीव होते. माझ्या मते 2012 मध्ये दहा वर्षांच्या खंडानंतर आलेल्या त्यांच्या अल्बमपेक्षा हा अधिक संयत आहे, जरी कॅनडातील पोलॅरिस हा संगीत पुरस्कार 2012 च्या त्या अल्बमला मिळाला होता. (2013 च्या त्या पुरस्काराच्या समारंभाला बँड गेलाच नाही, समारंभाच्या थाटमाटावर टीका करणारे पत्रक त्यांनी काढले आणि 30,000 डॉलरची रक्कम क्वेबेकच्या तुरुंगांतील कैद्यांना वाद्ये देण्यासाठी वापरू असे कळवले.)

त्यानंतर मटाना रॉबर्ट्स. शिकागोत जन्मलेल्या या सॅक्सोफोनवादक कलाकाराची 'कॉइन कॉइन' ही बारा भागांची योजना 2011 पासून कॉन्स्टेलेशनवर प्रसिद्ध होत आहे आणि तिचा पाचवा भाग 2023 च्या सप्टेंबरमध्ये आला. नाव लुइझियानातील मारी तेरेझ कॉइनकॉइन या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या स्त्रीवरून घेतले आहे. पाचव्या भागात रॉबर्ट्स यांच्याच घराण्यातील एका पूर्वज स्त्रीची कहाणी आहे, जिचा मृत्यू बेकायदा गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीमुळे झाला. याला रॉक म्हणावे की जॅझ, हा वाद घालणाऱ्यांनी घालत बसावा. निवेदन, सॅक्सोफोन, व्हायोलिन आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेले शब्द यांची वीण इतकी घट्ट आहे की पहिल्या ऐकण्यात मला एकही धागा वेगळा काढता आला नाही.

मॉन्ट्रियलच्याच की अविलचा 2024 चा 'स्पाइन' मात्र अगदी वेगळ्या प्रकृतीचा आहे. इथे काहीच वाढत, फुलत जात नाही. तुटक गिटार, खरवडल्यासारखे इलेक्ट्रॉनिक आवाज आणि कानाशी कुजबुजल्यासारखे गाणे. गाणी छोटी आहेत, पण लांब रचनांपेक्षा जास्त दमवतात. हेडफोनवर ऐका, पण रात्री एकटे असताना नको. एरिका अँजेल यांचा त्याच वर्षीचा अल्बमही ऐकावा. तो मला अर्धाच पटला, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आडाचौताल:

वरील शिफारशींशी सहमत आहे, मात्र विलंबित ख्यालाच्या तुलनेबद्दल एक नम्र हरकत. ही तुलना मी अनेकदा वाचतो आणि ती सोयीची असली तरी ऐकणाऱ्याला भलतीकडे नेते. ख्यालात रागाची चौकट आणि तालाचे आवर्तन पक्के असते, आणि त्या चौकटीत गायक त्या क्षणी काय सुचते ते मांडतो. आपण समेची वाट पाहतो. गॉडस्पीडच्या रचना बव्हंशी आधी बांधलेल्या असतात आणि त्यांची वाढ होते ती आवाजाच्या पातळीत आणि थरांत: एक गिटार, मग दुसरी, मग व्हायोलिन, मग दोन ड्रम. तिथे सम येत नाही, भरती येते. समेची वाट पाहत ऐकणारा माणूस पंधराव्या मिनिटाला कंटाळतो, आणि दोष मात्र बँडला देतो.

आपल्या कानाचा उपयोग व्हायचाच असेल तर तो याच लेबलवरच्या 'जेरुसलेम इन माय हार्ट' या प्रकल्पात होईल. मूळचे लेबनॉनचे, मॉन्ट्रियलमध्ये स्थायिक झालेले रदवान गाझी मुम्ने त्यात बुझुक हे लांब मानेचे तंतुवाद्य वाजवतात आणि अरबी ढंगाने गातात. त्यावर इलेक्ट्रॉनिक आवाजाची प्रक्रिया होते. अरबी मकामात, म्हणजे आपल्या रागासारख्या स्वरचौकटीत, दोन स्वरांच्या मधल्या जागा येतात, त्या पाश्चात्त्य श्रोत्याला बेसूर वाटू शकतात. श्रुतींची सवय असलेल्या कानाला त्या लगेच आपल्याशा वाटतात. 2021 चा 'कलक' घ्या. या अरबी शब्दाचा अर्थ चिंता, काळजी असा आहे. तो 'गेल्या दोन-तीन वर्षांत' बसत नाही, एवढे चालवून घ्यावे.

शनिवारपेठकर:

हरकत मान्य. समेची वाट पाहणारा तो माणूस मीच आहे. रेकॉर्ड की डिजिटल, याबद्दल कुणी सांगेल का?

टोरांटोचा थंडीकर:

मी सांगतो, कारण या बाबतीत माझे बरेच पैसे गेले आहेत. कॉन्स्टेलेशन 1997 मध्ये इयन इलाव्स्की आणि डॉन विल्की यांनी सुरू केले आणि पहिल्यापासून त्यांचा भर वेष्टनावर राहिला. त्यांच्या रेकॉर्डचे जाड पुठ्ठ्याचे कव्हर हातात घेतले की लग्नपत्रिका नव्हे, जुनी वही हातात घेतल्यासारखे वाटते. गॉडस्पीडच्या 1997 च्या पहिल्या रेकॉर्डच्या सुरुवातीच्या फक्त 500 प्रती निघाल्या होत्या. कव्हरवर छायाचित्र हाताने चिकटवलेले, आत एक पाकीट आणि त्या पाकिटात रेल्वेखाली चिरडून चपटे केलेले एक सेंटचे नाणे. पुढच्या आवृत्त्यांतही ते नाणे ठेवले गेले. माझ्याकडच्या नाण्यावर राणीच्या चेहऱ्याची फक्त हनुवटी ओळखू येते. कॅनडाने एक सेंटचे नाणे वितरणातून 2013 मध्येच काढून घेतले, त्यामुळे आता चिरडायला नाणी कुठून आणतात, हा मला पडलेला गंभीर प्रश्न आहे.

त्या रेकॉर्डच्या नावाच्या शेवटी अनंताचे चिन्ह आहे आणि ते उगाच नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी खाच मध्याकडे न जाता स्वतःतच बंद होते, त्यामुळे आपण उठून सुई उचलेपर्यंत तोच तुकडा फिरत राहतो. एका रविवारी मी सोफ्यावर झोपी गेलो आणि जाग आली तेव्हा भारतातून आलेली आई दारात उभी राहून विचारत होती, "अरे, फ्रिज बिघडलाय का?" हा अनुभव डिजिटल फाइल देऊ शकत नाही, पण भारतात रेकॉर्ड मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून रेकॉर्डच्या किमतीला गाठतात, हेही तितकेच खरे. पुण्याला भावासाठी एक पाठवली तेव्हा पुठ्ठ्याचा कोपरा दुमडून पोहोचली, ते वेगळेच.

म्हणून माझा सल्ला असा की नव्या अल्बमांच्या डिजिटल प्रती बँडकॅम्पवरून, म्हणजे कलाकार आणि लेबले जिथे आपले संगीत थेट विकतात त्या संकेतस्थळावरून, घ्याव्यात. गॉडस्पीड तिथे अजून आहेत, फ्लॅक स्वरूपातील (आवाजाचा दर्जा न घटवणारी) फाइल उतरवून घेता येते आणि ती कुणी मोबाइलमधून परत काढून नेत नाही. डिजिटल विक्रीत बँडकॅम्पचा वाटा 15 टक्के, पुढे विक्री वाढली की 10. पैसे चुकते करण्याचे शुल्क वजा जाता बाकी रक्कम कलाकाराकडे किंवा लेबलकडे जाते. 2025 च्या उन्हाळ्यात डीअरहूफ या अमेरिकी बँडने स्पॉटिफाय सोडताना त्या कंपनीचे सहसंस्थापक डॅनियल एक यांनी हेल्सिंग या युद्धतंत्रज्ञानाच्या कंपनीत केलेल्या गुंतवणुकीचे कारण उघडपणे दिले होते. गॉडस्पीडच्या मनात काय होते याचा अंदाज तुम्हीच करा. 2002 च्या अल्बमच्या मागच्या बाजूला मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांचे शस्त्रनिर्मात्यांशी असलेले संबंध दाखवणारा तक्ता छापणारा हा बँड आहे. त्या तक्त्यात काही चुका होत्या आणि बँडने त्या नंतर मान्यही केल्या.

रेकॉर्ड घ्यायचीच असेल तर एकच घ्या, ती पहिली. आणि पाकीट उघडताना खाली टॉवेल अंथरा, कारण नाणे फार पातळ असते; माझे पहिल्याच दिवशी रेडिएटरच्या फटीत गेले होते आणि ते काढायला स्वयंपाकघरातला चिमटा लागला.