बूट होत नाही? मग म्हणे फॉरमॅट मारा!

पेठेतला पेंग्विन:
परवा इथे कुणीतरी ज्ञान वाटलंय: 'कर्नल (लिनक्सचा गाभा) अपग्रेड केल्यानंतर लिनक्स उठलं नाही तर डोकं खाजवू नका, होम फोल्डर कॉपी करा आणि नव्याने टाका, वीस मिनिटांचं काम.' अहो, नळ गळतो म्हणून वाडा पाडता का?

उबुंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) आधीचा कर्नल शाबूत असतो. चालू करताना शिफ्ट धरून ठेवा (बायोसच्या जागी आलेलं यूईएफआय असेल तर एस्केप), ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू येतो. अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडा. मशीन उठलं की पुढचं निवांत. 'अनेबल टू माउंट रूट एफएस' म्हणत कर्नल पॅनिक होऊन थांबला असेल, तर बहुतेकदा नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणारी फाइल) बनलेलीच नसते, कारण वेगळं बूट पार्टिशन ठासून भरलेलं. जागा करा, अपडेट-इनिटरॅमएफएस ही कमांड '-सी -के' आणि नव्या कर्नलचा नंबर देऊन चालवा, मग अपडेट-ग्रब. चहा गार व्हायच्या आत होतं.

सिंहगडरोडकर:
तो ज्ञानी मीच. आणि वाडे पाडतातच की पुण्यात, कुठे राहता?
माझं ऐका. गुरुवारी अपग्रेड चालू असताना लाईट गेली. आली तेव्हा कसला मेन्यू नि कसलं काय, काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब रेस्क्यू', म्हणजे ग्रबला स्वतःच्याच फाइली सापडेनात. चारला डेमो होता. मी पुन्हा टाकलं आणि डेमो दिला.

काळी खिडकी:
गुरुवारी?? पुण्यात राहून, दुरुस्तीसाठी लाईट जाण्याच्या वारी, भर दुपारी अपग्रेड करणाऱ्याला लिनक्सच काय, मिक्सरही देऊ नये.

सिंहगडरोडकर:
घरात इन्व्हर्टर आहे ताई. तरीही डेस्कटॉप बंद पडला.

निवृत्त वायरमन:
इन्व्हर्टरच्या मागे बटण असतं, ते यूपीएस मोडवर आहे का? नॉर्मल मोडवर बदली व्हायला वेळ लागतो, पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटर झोपतो. बॅटरीत पाणी कधी घातलंत?

काळी खिडकी:
आमच्याकडे यूपीएस मोडवर ठेवला तर व्होल्टेज जरा हललं की बॅटरीवर जातो. दिवसातून दहा वेळा टकटक.

निवृत्त वायरमन:
मग अर्थिंग तपासा. नव्या सोसायट्यांत अर्थिंगची वायर निव्वळ शोभेला असते.

पेठेतला पेंग्विन:
काका, धागा कर्नलचा आहे!

निवृत्त वायरमन:
वीज नसेल तर तुमचा कर्नल काय समईवर चालवणार? चाळीस वर्षं खांबावर चढलोय, मला विषय शिकवू नका.

काळी खिडकी:
😂 बरं, मुद्द्यावर येते. पेंग्विनराव, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असणाऱ्यांचं काय? माझ्याकडे नवा कर्नल छान उठतो, पण लॉगिनच्या जागी काळोख. डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणारा प्रोग्राम) मॉड्यूल, म्हणजे कार्डाचा ड्रायव्हर, बांधलंच नव्हतं, कारण त्याला लागणाऱ्या कर्नलच्या हेडर्स फाइली नव्हत्या. त्या घातल्या, तर सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) म्हणतो सही नाही. शनिवार गेला, रविवार गेला. २०१२ साली लिनक्सच्या जनकाने, टॉरवाल्ड्सने, भर सभेत एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं ते उगाच नाही.

पेठेतला पेंग्विन:
एमओके की (ड्रायव्हरवर सही करायची आपली स्वतःची किल्ली) नोंदवायची, रीबूटला निळा पडदा येतो तिथे पासवर्ड द्यायचा. तो पडदा लोक घाईत एंटर मारून घालवतात.

काळी खिडकी:
मीच ती लोक. आगाऊ.

सिंहगडरोडकर:
बघा! दोन दिवस विरुद्ध माझी वीस मिनिटं.

पेठेतला पेंग्विन:
पुढच्या कर्नलला पुन्हा तेच होईल तेव्हा पुन्हा वीस मिनिटं, हो ना? आणि ग्रब रेस्क्यूमधून 'सेट प्रीफिक्स', 'इन्समॉड नॉर्मल', 'नॉर्मल' एवढ्यावर बाहेर येता येतं, डिस्कवरच्या फाइली धड असल्या तर. पण ठीक आहे, चारला डेमो आणि लाईटचा भरवसा नाही, अशा वेळी मीही पुन्हाच टाकलं असतं. खूश?

सिंहगडरोडकर:
स्क्रीनशॉट घेतलाय.

निवृत्त वायरमन:
बॅटरीत पाणी घातलंत का ते नाही सांगितलंत. डिस्टिल्डच घाला, नळाचं नको.