वृद्धाश्रमातल्या माणसांच्या शेवटच्या इच्छा : तुमचे अनुभव लिहा

गिरणाकाठ
आज बाजारात बामणोदची भरताची वांगी दिसली आणि एक बाबा आठवले. मी जळगावकडे एका वृद्धाश्रमात नर्स होते. बाबा यावलकडचे, कॅन्सर, शेवटचे दिवस. "सिस्टर, मले भरीत पाहिजे. पऱ्हाटीवर भाजेल. गॅसवरचं नको." डॉक्टर म्हणाले, गिळता येत नाही, घास श्वासनलिकेत जाईल, नुसती जिभेला चव लावा. स्वयंपाकाच्या मावशींनी मागच्या अंगणात पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवल्या, वांगं भाजून बडगीत (लाकडी उखळीत) ठेचलं. चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेला लावलं. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मीठ कमी शे."
तुम्हीही लिहा.

केळीवाला
मीठ कमी 😂😂 लेवा माणूस गेला तरी भरताला नावं ठेवीन!

शेवभाजी
कांद्याची पात होती का पण?

गिरणाकाठ
होती हो. पात, मिरची, लसूण, शेंगदाणे, सगळं.

पाचोरेकर
आमच्या इथे रेल्वेतले एक रिटायर्ड गँगमन होते. एकच ध्यास, पीजेत बसायचं, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीत. ती २०२० पासून बंद, आणायची कुठून? व्हीलचेअरवर पाचोरा स्टेशनात नेलं. समोरून एक्स्प्रेस धाडधाड गेली तर चिडले, "हाई काय गाडी शे का? मानूस चढीन कसा?"

केळीवाला
पीजेतून उतरून बोरं तोडायची आणि पळत जाऊन परत चढायचं. काय दिवस होते.

मायबोलीण
सगळ्या इच्छा अशा गोड नसतात. एका आजींनी लिहूनच घेतलं होतं, "थोरल्याने खांदा द्यायचा नाही." खाली अंगठा. थोरलाच सगळ्यात पुढे होता. तो कागद कपाटातच राहिला. भाऊबंदांसमोर आम्ही कोण काढणार?

वकीलतात्या
खांद्याचं कोर्टात काही चालत नाही. पण व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्य केलं, २०२३ मध्ये सोपं केलं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

शेवभाजी
नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या एका अँब्युलन्स ड्रायव्हरने पेशंटला शेवटचं एकदा बंदर दाखवलं, त्यातून अशा इच्छा पुरवणारी संस्थाच उभी राहिली. आपल्याकडे आधी डिझेलचे पैसे मागतील.

तापीमाय
असं सरसकट नका म्हणू. आमच्या अँब्युलन्सवाल्या दादाने एका आजींना मुक्ताईला नेलं, एक रुपया घेतला नाही. स्ट्रेचर आत नेणं जमेना. मग देवळासमोर मागचं दार उघडं ठेवलं, पुजाऱ्यांनी तुळस आणून हातात दिली. आजी लगेच, "चांगदेव बी जवळच आहे ना रे दादा?" नेलं की तिकडेही! संध्याकाळी आश्रमात आम्ही सगळ्यांनी बोलणी खाल्ली.

पाचोरेकर
दादाला दंडवत 🙏

मायबोलीण
तात्या, नोटरी किती घेतो? सासूबाईंचं करायचंय.

वकीलतात्या
सासूबाईंना विचारलं का?

मायबोलीण
तेच तर. तुम्ही येता का विचारायला? चहा देते.