१४ आठवड्यांचं काम ७ आठवड्यांत मागतायत, नाही कसं म्हणायचं?

कोथरूडचा_कोडर:
नमस्कार मंडळी. पुण्यात एका मध्यम साइझच्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे, मला धरून पाच जण. क्लायंटचं भिवंडीत मोठं गोडाऊन आहे, त्यांच्यासाठी माल आत घेणं, रॅकवर लावणं, बाहेर पाठवणं, परत आलेला माल, हातातले स्कॅनर आणि वर हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरशी जोडणी एवढं सगळं करायचंय. मी मॉड्यूलवार एस्टिमेट काढलं, १४ आठवडे आले, उगाच बफर टाकलेला नाही. पण सेल्सवाल्यांनी डेमोच्याच दिवशी दसऱ्याला गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष चालू, असं सांगून टाकलं होतं, म्हणजे हातात ७ आठवडे. मागच्या मंगळवारी मॅनेजर सरांनी स्क्रीन शेअर करून माझीच एक्सेल शीट उघडली आणि सगळ्यांसमोर एकेका ओळीत आकडे बदलत गेले, स्कॅनरचे १२ दिवस होते तिथे ५, टेस्टिंगचे १५ होते तिथे ६, आणि खाली बेरीज ३५ आली तसे थांबले. जमेल ना विचारलं, मी म्हणालो बघतो सर. संध्याकाळी मेल आला, टीमने ७ आठवडे कन्फर्म केलेत म्हणून.

मागच्या वर्षी असंच झालं होतं. शेवटचे तीन आठवडे रात्री दोन-अडीचपर्यंत बसलो, एक ज्युनियर मुलगा अंगात ताप असताना डिप्लॉयमेंटला बसला होता, त्याने टेस्टचा डेटाबेस समजून लाइव्हवरच्या टेबलवर डिलीट मारलं. बॅकअपवरून सगळं परत आणेपर्यंत सकाळचे नऊ वाजले आणि बोलणी त्यालाच खावी लागली. तो नंतर सोडून गेला. त्याला घरी जा म्हणायला पाहिजे होतं ते मी म्हटलं नाही, हे अजून डोक्यातून जात नाही. ह्या वेळी मला हे होऊ द्यायचं नाहीये. नोकरी सोडता येणार नाही, घराचा हप्ता आहे आणि नोटीस पीरियड ९० दिवसांचा. काय करू सांगा.

बिलवाला_नाशिक:
मित्रा आधी तो बघतो शब्द मीटिंगमध्ये बंद कर. आपण बघतो म्हणतो तेव्हा आपल्या मनात नाही असतं आणि समोरचा हो लिहून घेतो. त्या मेलला आजच रिप्लाय कर, चार ओळीच लिही, की माझं एस्टिमेट १४ आठवड्यांचं होतं, शीटमधले बदललेले आकडे माझे नाहीत, ७ आठवड्यांत काय होईल ते शुक्रवारपर्यंत देतो. भांडणाचा सूर नको. पण आठवडाभर गप्प बसलास तर ते ७ आठवडे तुझ्याच नावावर लागतील.

दुसरं म्हणजे तारीख खरी आहे का कुणी बोलून टाकलेली आहे ते शोध. खरी तारीख कशी असते सांगतो. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून लागलं. आमचे क्लायंट म्हणजे सातपूर-अंबडचे छोटे कारखानदार, त्यांच्यासाठी ती तारीख कुणालाच हलवता येणार नव्हती. मग आम्ही त्या दिवशी नेमकं काय चाललंच पाहिजे तेवढंच धरलं, बिल सरकारी पोर्टलला जाऊन आयआरएन (त्या बिलाचा नोंदणी नंबर) येणं, बिलावर क्यूआर कोड छापला जाणं आणि चुकलेलं बिल २४ तासांच्या आत रद्द करता येणं. रिपोर्ट, डॅशबोर्ड, एकदम शंभर बिलं चढवणं सगळं सप्टेंबरवर टाकलं. कुणालाही रात्र काढावी लागली नाही. तारीख सरकारची असूनसुद्धा हे जमलं, तुमची तर सेल्सने दिलेली आहे.

टेस्टरताई:
१५ चे ६ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. दरवेळी हेच, डेव्हलपमेंट लांबते, तारीख तिथेच राहते आणि दिवस आमचे कापले जातात. गोडाऊनच्या कामात तर हे अजिबात करू नका दादा. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये ऑफिसात बसून सगळ्या केसेस पास झाल्या होत्या, प्रत्यक्ष गोडाऊनमध्ये लोखंडी रॅकच्या मागे गेलं की वायफाय तुटायचं. स्कॅनरला उत्तर मिळालं नाही की तो तीच नोंद परत पाठवायचा आणि सर्व्हर दोन्ही धरायचा, स्टॉक दुप्पट. दोन दिवस हमाल आणि सुपरवायझर मिळून हाताने खोकी मोजत होते, आम्ही शेजारी उभे. ते टेबलावर बसून कधीच सापडलं नसतं.

आणि एक, दसरा ते दिवाळी म्हणजे गोडाऊनमधून माल सुटायची सगळ्यात मोठी धावपळ. त्या दिवसांत नवीन सिस्टीम चालू करायची हे तिथल्या गोडाऊन मॅनेजरला कुणी विचारलंय का? सेल्सवाले बोलले असतील मालकाशी. पाया पडते पण ह्या माणसाला फोन करा.

जुना_पीएम:
२२ वर्षं ह्याच धंद्यात आहे, त्यातली १० मॅनेजरच्या खुर्चीत, म्हणून त्या बाजूने सांगतो. तुमच्या सरांवर वरून दट्ट्या आहे, त्यांना वर जाऊन दाखवायला काहीतरी हातात लागतं. नुसतं शक्य नाही म्हणालात तर ते रिकाम्या हाताने वर जाणार नाहीत, तुमचे आकडे परत बदलतील. एका पानावर दोन पर्याय द्या, दसऱ्याला अमुक तीन गोष्टी पूर्ण टेस्ट करून, किंवा सगळं १४ आठवड्यांनी. सगळ्यांसमोर नको, केबिनमध्ये एकट्याला गाठून बोला.

मग ते म्हणतील चार माणसं जास्त देतो. तिथे हो म्हणू नका. आयबीएमच्या ओएस/३६० ह्या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर अजून वाढतो. पाच जणांत आपापसात बोलायच्या जोड्या १० होतात, नऊ जण झाले की ३६. आणि नवीन चौघांना शिकवणार कोण, तुम्हीच, ज्या महिन्यात तुम्हाला मान वर करायला वेळ नाही त्याच महिन्यात. फक्त टेस्टिंगला एक माणूस मागा, गोडाऊनला जाऊन उभा राहणारा.

कोथरूडचा_कोडर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मेल त्याच रात्री केला, हात थरथरत होते खरं सांगतो. सर दोन दिवस बोलले नाहीत. टेस्टरताई, तुमचं ऐकून गोडाऊन मॅनेजरला फोन लावला, ते म्हणाले दसऱ्याला मालकांना फक्त पूजा करून एक गाडी नवीन सिस्टीमवर सोडायची आहे, बाकी माल दिवाळी होईपर्यंत जुन्या रजिस्टरवरच चालू दे. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी केबिनमध्ये एक पान घेऊन गेलो, माल आत आणि माल बाहेर एवढंच दसऱ्याला, टेस्टिंगचे १५ दिवस कायम, परत आलेला माल आणि टॅली दिवाळीनंतर. चार माणसांचा विषय निघाला, नको म्हणालो, एक टेस्टर मागितला. सर हो म्हणाले पण टॅलीवर अजून अडून आहेत, सेल्सने कोटेशनमध्ये लिहून दिलंय म्हणे, तो वाद शुक्रवारी परत होणार.

शनिवारी पहाटे टीममधली एक मुलगी आणि मी दोन स्कॅनर घेऊन भिवंडीला जातोय, वायफाय कुठे कुठे तुटतं ते रॅकनुसार लिहून आणायचंय. टेस्टरताई, तिथे अजून काय काय तपासायचं ते त्याआधी सांगाल का?